करवंदांचा पाय: जाळीपासून ओव्हनपर्यंत

एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला की ठाणे स्टेशनबाहेर आणि जांभळी नाक्याच्या बाजारात टोपल्या दिसू लागतात. पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात काळी करवंदं आणि ‘डोंगरची काळी मैना’ ही हाक. या पट्ट्यात लहानपण गेलेल्या कुणालाही विचारा, करवंद म्हटलं की तीनच गोष्टी निघतात: काट्यांनी ओरबाडलेले हात, ओठांना चिकटलेला चीक आणि ‘कोंबडा की कोंबडी’चा खेळ. करवंद चावायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. या तिन्ही गोष्टी पुढे पुन्हा येणार आहेत, पण आठवण म्हणून नाही. पाय करताना त्यांचा उपयोग आहे.

पाय म्हणजे खाली-वर मैद्याची पारी आणि मध्ये फळाचं सारण. ओव्हनमध्ये भाजलेली थाळीएवढी करंजीच म्हणा. नावावरून घरात एक-दोन विनोद होतील, ते होऊ द्यावेत. अडचण वेगळी आहे. पायच्या बहुतेक कृती थंड हवेच्या देशांतल्या, तिथल्या फळांसाठी लिहिलेल्या असतात. त्या फळांना चीक नसतो आणि तिथल्या ओट्यावर बटर वितळत नाही. तीच कृती मे महिन्यात घोडबंदर रोडच्या किंवा ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये जशीच्या तशी केली तर पारी बिस्किटासारखी टणक होते आणि सारण ताटभर वाहतं. चीक आणि उकाडा, या दोघांचा बंदोबस्त झाला की बाकी कृती अवघड नाही.

करवंदं कुठून आणायची

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. येऊरचं जंगल हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि राष्ट्रीय उद्यानातून फळं-फुलं काहीही तोडून आणायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मनाई आहे. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यालाही तेच लागू. शिवाय येऊरला बिबटे आहेत, आणि करवंदीच्या जाळीत पहाटे वाकून बसलेलं माणूस त्यांच्या उंचीचं दिसतं. तेव्हा पिशवी घेऊन येऊरला निघायचा बेत असेल तर तो इथेच सोडा.

सरळ मार्ग विकत घेण्याचा. शहापूर, मुरबाड, कर्जतकडच्या आदिवासी बायका पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन येतात. नवी मुंबईकरांना पनवेलच्या बाजारात हा माल सहज मिळतो. सकाळी आठच्या आत गेलात तर आदल्या संध्याकाळी किंवा त्याच पहाटे तोडलेला माल असतो. दहानंतर टोपलीच्या तळाची फळं वरच्या वजनाने चेपून पाणी सोडू लागतात. विक्री बहुतेक वाट्यावर किंवा मापाने होते, किलोवर नाही. एका पायला निवडण्याआधी एक किलो लागतात, म्हणून सरळ ‘किलोभर हवीत’ असं सांगून भाव ठरवा. आणि भाव करताना लक्षात असू द्या की एका किलोत तीनशेच्या आसपास फळं असतात आणि प्रत्येक फळासाठी काट्यात हात घातलेला असतो.

प्लॅस्टिकच्या पिशवीत करवंदं नेऊ नका. मे महिन्यात अर्ध्या तासात ती आत घामेजतात, देठाजवळ फुटतात आणि चीक सगळीकडे लागतो. पसरट डबा किंवा कापडी पिशवीत कागद घालून न्यावीत.

ओळखीच्या कुणाची वाडी असेल, कुंपणाला करवंदी असेल, तर स्वतः तोडण्यात मजा आहे. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, बूट आणि हातात काठी. काठी फांदी ओढायला नव्हे, आधी जाळीच्या बुडाशी आपटायला. फुरसं आणि घोणस दोन्ही साप अशा सावलीत पडून असतात. काटे जोडीने येतात, बऱ्याचदा टोकाला दुभंगलेले, त्यामुळे हात आत घालताना ओरखडा उठत नाही तितका बाहेर काढताना उठतो. हात सावकाश, गेला त्याच वाटेने मागे घ्या. फळ चिमटीत धरून हलकं पिळायचं. पिकलेलं लगेच सुटतं आणि देठाशी चिकाचा जेमतेम एखादा थेंब येतो. ओढावं लागलं आणि पांढरं दूध भळाभळा वाहिलं तर ते अजून तयार नाही.

मुलं सोबत असतील तर त्यांना घाणेरीही दाखवून ठेवा. करवंदीशेजारीच ती माजलेली असते, तिलाही काळी फळं येतात. पण ती मिरीच्या दाण्याएवढी, एकत्र घोसात लागलेली. तिची कच्ची हिरवी फळं विषारी असतात. आणि रस्त्याच्या दुभाजकांवर लावलेली पिवळी कण्हेर करवंदाच्याच कुळातली. तिचाही चीक पांढरा, आणि फळ जीवघेणं. ‘पांढरा चीक म्हणजे करवंद’ अशी खूण मुलांच्या डोक्यात कधीच बसू देऊ नका. खूण जोडीच्या काट्यांची.

कुठली निवडायची

पायला सगळी काळीभोर करवंदं घेतली तर सारण गोड होतं पण घट्ट होत नाही. फळातलं पेक्टिन, म्हणजे जॅम जमवणारा पदार्थ, अर्धवट पिकलेल्या लालसर फळात जास्त असतं आणि पिकता पिकता कमी होतं. म्हणून चार भागांतले तीन भाग काळी आणि एक भाग लालसर असं प्रमाण ठेवा. हिरवी अजिबात नकोत. त्यांची जागा लोणच्यात.

कोंबडा-कोंबडीचा उपयोग इथे. दहा-बारा फळं कापून बघा. बहुतेक कोंबडे निघाले तर सारणाला आपोआप गडद किरमिजी रंग येईल. कोंबड्याच जास्त असल्या तर चवीत फारसा फरक पडत नाही, पण सारण फिकट गुलाबी होतं. तेव्हा सालं अजिबात टाकू नका, रंग सालीतच असतो.

पहिला पाऊस पडून गेल्यावर घेतलेली करवंदं मात्र पायला नकोतच. ती पाणी पितात, फुटतात आणि त्यांत अळी पडते. जूनमधली स्वस्त करवंदं शेवटी महागात पडतात.

चीक काढणं

हा टप्पा गाळणाऱ्याचा पाय हमखास बिघडतो. करवंदाचा चीक गरम झाला की गोठतो, त्याचे रबरासारखे तंतू होतात, ते कढईच्या कडेला आणि खाणाऱ्याच्या टाळूला चिकटतात. सुरीला लागलेला चीक साबणाने जात नाही, तेलाने जातो. हे एवढं ध्यानात ठेवलं की अर्धं काम झालं.

दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून करवंदं पंधरा मिनिटं भिजवा. अळी असेल तर वर येते. मग हाताला अर्धा चमचा गोडं तेल चोळून, पाण्यातच बुडवून देठ काढा. पाण्याबाहेर देठ काढला तर चीक फळावर पसरतो, पाण्यात काढला तर पाण्यात जातो. पाणी दुधाळ झालं की बदला. साधारण तीन पाणी लागतात. शेवटी पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओली फळं सारणात जास्तीचं पाणी घेऊन येतात.

आता बिया. एका फळात तीन-चार चपट्या तपकिरी बिया असतात, कधी जास्तही. त्या खाल्ल्या तर काही होत नाही, नुसती करवंदं खाताना कोण काढतं? पण पायच्या मऊ सारणात त्या दाताखाली कचकच करतात. तीनशे फळांच्या बिया हाताने काढायला दोन माणसांना तास-सव्वा तास लागतो. आमचा सल्ला मधला: निम्मी फळं उभी चिरून चमच्याच्या दांडीने बिया उडवा, उरलेली निम्मी अख्खी शिजवून पुरणाच्या चाळणीवर डावाने घासून गाळा. पहिल्या निम्म्याने दाताखाली फळ येतं, दुसऱ्याने सारणाला अंग येतं. मिक्सरमध्ये घालू नका. बिया भरडल्या जातात, सारण कडवट आणि रवाळ होतं.

एक किलो आणलेल्या करवंदांतून निवडून, देठ-बिया जाऊन साधारण ६५० ग्रॅम ऐवज हाती राहतो. पुढची सगळी मापं त्यावर आहेत.

सारण

६५० ग्रॅम तयार करवंदांना २०० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर (तीन सपाट मोठे चमचे), अर्धा छोटा चमचा सुंठपूड, चिमूटभर मीठ आणि हवी तर दोन चिमटी ताजी मिरीपूड. वेलची घालायचा मोह होईल, तो आवरा. वेलची आली की करवंदाचा वास मागे पडतो आणि सारण कुठल्याही मिठाईसारखं लागतं. गूळही टाळलेला बरा. तो रंग काळपट करतो आणि स्वतःचं पाणी सोडतो.

भांडं स्टीलचं किंवा चिनी मातीचा मुलामा असलेलं घ्या. लोखंडी कढई किंवा ॲल्युमिनियमचं पातेलं नको. आंबट रस धातू ओढून घेतो आणि सारणाला निळसर छटा आणि लोखंडी चव येते.

गाळायची निम्मी फळं पाव वाटी पाण्यात झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं मऊ शिजवा आणि गरम असतानाच चाळणीवर घासा. या गरात चिरलेली फळं, साखर, मीठ आणि सुंठ घालून मंद ते मध्यम आचेवर आणखी आठ-दहा मिनिटं ठेवा. वर गुलाबी-पांढरा फेस जमतो. त्यात उरलासुरला चीक असतो, तो तेलाचं बोट लावलेल्या झाऱ्याने काढून टाका. करवंदाची साल जाड असते. इतर फळांसारखी कच्ची भरून ओव्हनमध्ये सोडली तर पारी भाजून निघते तरी साल चामट राहते. म्हणून हे आधी शिजवणं चुकवता येत नाही.

साल बोटांत दाबल्यावर सहज फाटली की कॉर्नफ्लोअर तीन मोठे चमचे थंड पाण्यात कालवून ओता आणि ढवळत राहा. पांढरट दिसणारं सारण मिनिट-दीड मिनिटात पारदर्शक आणि चकचकीत होतं. तिथे गॅस बंद. पुढे उकळत ठेवू नका, आंबट रसात जास्त वेळ उकळलेलं कॉर्नफ्लोअर पुन्हा सैल पडतं. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाकून, मिनिटभराने ताटली तिरकी करा. थेंब मधासारखा सावकाश सरकला तर बरोबर. पाण्यासारखा धावला तर आणखी एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला. सरकलाच नाही तर दोन चमचे गरम पाणी.

चव गरम असताना घेऊ नका, गरम सारण आहे त्याहून गोड लागतं. ताटलीवरचा गार थेंबच चाखा आणि मग हवी तर २०-३० ग्रॅम साखर वाढवा.

सारण फ्रीजमध्ये पूर्ण थंड झालं पाहिजे. ‘कोमट चालेल’ म्हणणाऱ्याचा पाय खालून कच्चा राहतो, कारण कोमट सारण पारीतलं बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळवतं. सारण आदल्या रात्री करून ठेवावं, हे सर्वात उत्तम.

पारी

करंजीच्या पारीला आपण तुपाचं कडकडीत मोहन घालतो. ते मैद्याच्या कणाकणाला लागतं आणि पारी खुसखुशीत होते. पायला नेमकं उलटं हवं. इथे मोहन थंडगार, आणि ते मैद्यात पूर्ण मिसळायचं नाही. बटरचे बारीक तुकडे पिठात अख्खे राहिले तर भाजताना ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे पापुद्रे उचलते. चिरोट्याला साटा लावून जे घडतं तेच इथे तुकड्यांनी घडतं. म्हणून तूप चालत नाही: तुपात पाणीच नाही, वाफ कुठून येणार? तुपाची पारी नानकटाईसारखी भुसभुशीत होते. वाईट नाही लागत, पण कापताना कोसळते. घरचं लोणी वापरायचं असेल तर ताक पूर्ण जाईपर्यंत बर्फाच्या पाण्यात धुवून, घट्ट गोठवून घ्या, आणि पाणी कमी घाला, कारण लोण्यात आधीच बरंच असतं.

२० सेंटिमीटर व्यासाच्या, ४ सेंटिमीटर खोल टिनसाठी: मैदा २७० ग्रॅम, बटर १८० ग्रॅम, पिठीसाखर एक मोठा चमचा, बर्फाचं पाणी ७० ते ८० मिलिलिटर आणि त्या पाण्यात एक छोटा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, म्हणून वेगळं मीठ नको. बिनमिठाचं घेतलं तर अर्धा छोटा चमचा मीठ. केकचा साधा ॲल्युमिनियमचा गोल डबा टिन म्हणून चालतो. काचेचं भांडं दिसायला छान, पण ते हळू तापतं आणि खालची पारी मागे राहते.

बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळतं आणि मे महिन्यात दुपारी आपलं स्वयंपाकघर तेवढंच तापलेलं असतं. म्हणजे वेळ निवडणं हाच पहिला उपाय. पारी पहाटे सहाला करा किंवा रात्री अकरानंतर. बेडरूमला एसी असेल तर टेबल तिथे न्या, लाज वाटू देऊ नका. बटरचे सेंटिमीटरभर तुकडे करून वीस मिनिटं फ्रीजरमध्ये, मैदा परातीसकट अर्धा तास फ्रीजमध्ये. ग्रॅनाइटच्या ओट्यावर बर्फाची पिशवी दहा मिनिटं फिरवून ठेवा आणि नंतर ओटा खडखडीत पुसा. दमट हवेत गार दगडाला लगेच पाणी सुटतं आणि पीठ चिकटतं.

मैद्यात पिठीसाखर मिसळा. बटरचे तुकडे टाका आणि बोटांच्या टोकांनी, तळव्याने नव्हे, चुरा. तळहात गरम असतो. दोन तृतीयांश बटर जाड रव्यासारखं दिसावं आणि उरलेलं वाटाण्याएवढ्या चपट्या तुकड्यांत राहावं. हात गरम असणाऱ्यांनी गोठलेली अख्खी वडी किसणीवर किसून घ्यावी आणि काट्याने मिसळावी. मग गार पाणी चमच्याचमच्याने. मूठ दाबली की गोळा धरतो आणि बोटाने ढकलला की फुटतो, एवढंच पाणी. पोळीच्या कणकेसारखं मळलं की संपलं: मैद्याला चिवटपणा येतो, पारी लाटताना आकसते आणि भाजल्यावर टणक होते. व्हिनेगर थोडी मदत करतं, पण मळण्याची चूक झाकत नाही.

३१० आणि २२० ग्रॅमचे दोन भाग करा. गोळे न करता दोन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या थापा, म्हणजे लवकर गार होतात आणि लाटायला सोप्या जातात. गुंडाळून किमान तासभर फ्रीजमध्ये. रात्रभर ठेवल्या तर आणखी चांगलं.

मोठी चकती ३१ सेंटिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची लाटायची. घरातलं पोळपाट याला पुरत नाही, ओट्यावरच लाटा. मधून बाहेर लाटायचं, प्रत्येक दोन लाटण्यांनंतर पाव फेरी फिरवायची. पारीवर पिवळी चमक दिसली किंवा ती ओट्याला धरू लागली तर पीठ भुरभुरत बसू नका. पारी ताटावर घेऊन दहा मिनिटं फ्रीजमध्ये टाका. मे महिन्यात हे दोनदा करावं लागतं, त्यात कमीपणा नाही.

पारी लाटण्यावर गुंडाळून टिनवर सोडा आणि कडेला खाली बसवा. ताणून बसवू नका. जितकी ताणाल तितकी ती भाजताना आकसेल आणि कड टिनमध्ये घसरेल. दीड सेंटिमीटर बाहेर लोंबू द्या. तळाला एक मोठा चमचा खारी किंवा टोस्टचा बारीक चुरा भुरभुरा, तो सुटलेला रस पितो. टिन अर्धा तास फ्रीजमध्ये.

छोट्या चकतीच्या दोन सेंटिमीटर रुंद दहा पट्ट्या कापा आणि स्टीलच्या ताटावर दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. कडक झालेल्या पट्ट्या विणायला सोप्या. सारण भरा, पाच पट्ट्या उभ्या आणि पाच आडव्या, खाटेच्या विणीसारख्या एक आड एक. अख्खी पारीही झाकता येते, पण करवंदाच्या सारणाला जाळी बरी: वाफ निघून जाते, आणि उकळी फुटलेली डोळ्यांना दिसते.

कडेचं टोक आत वळवून मुरड घाला. करंजीला मुरड घालता येणाऱ्या हाताला पायची कड शिकावी लागत नाही. फक्त पट्ट्यांची टोकं मुरडीच्या आत दाबली गेली पाहिजेत. वरून दूध पुसा आणि चमचाभर साखर भुरभुरा.

भाजणं

ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा विजेचा ओव्हन, दोन्ही कॉइल चालू ठेवून २२० अंशांवर वीस मिनिटं तापवा, आणि सर्वात खालच्या खाचेत ट्रे आधीपासून आत ठेवूनच. गार टिन तापलेल्या ट्रेवर बसला की खालची पारी लगेच शिजायला लागते. ट्रेवर फॉइल पसरा. सारण उतू जातं आणि करपलेली करवंदाची साखर घासून निघत नाही.

२२० वर वीस मिनिटं. मग १८० वर आणून, टिन मधल्या खाचेत घेऊन ३५ ते ४० मिनिटं. घरगुती ओटीजी लहान असतो, वरची कॉइल जवळ येते, त्यामुळे कड लवकर लाल होते. तसं दिसलं की कडेवर फॉइलची पट्टी सैल ठेवा. अर्ध्या वेळेनंतर टिन फिरवा, मागची बाजू नेहमी जास्त तापते.

झाला हे रंगावरून ठरवू नका. जाळीच्या अगदी मधल्या भोकातून सारण जाडसर, सावकाश फुटणाऱ्या बुडबुड्यांनी रटरटताना दिसलं पाहिजे. फक्त कडेला बुडबुडे म्हणजे मध्य अजून गार आहे. पारी फिकट पिवळी नव्हे, खारीसारखी बदामी.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये खालून आच नसते. तिथे खालची पारी आधी एकटी भाजून घ्या: बटर पेपर पसरून त्यावर दोन वाट्या राजमा किंवा चवळी भरा, १९० अंशांवर पंधरा मिनिटं, कडधान्य काढून आणखी आठ मिनिटं, गार झाल्यावर सारण भरा आणि पुढे न्या. गॅसवर मिठाच्या कढईतही करणारे आहेत. खालून उत्तम भाजतो पण वरची जाळी पांढरट राहते. तिथे जाळीऐवजी मैदा, बटर आणि साखरेचा आधीच तव्यावर परतलेला चुरा वर घालावा.

गार होऊ द्यायला तीन ते चार तास. हे सगळ्यांना जड जातं. गरम कापलेल्या पायचं सारण वाहणारच, मग कॉर्नफ्लोअर कितीही घाला. ते थंड होतानाच धरतं. जाळीच्या स्टँडवर, पंख्याखाली, उघडा ठेवा. झाकण घातलं तर वाफेने पारी मऊ पडते.

बिघडतं ते

खालची पारी गचगचीत: सारण कोमट होतं, किंवा ट्रे तापलेला नव्हता. कापल्यावरही सुधारता येतं. तुकडे तव्यावर मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा.

भाजताना ट्रेवर बटर गळून आलं: लाटताना वितळलेलं होतं, किंवा ओव्हन पुरेसा तापण्याआधी टिन आत गेला. ओटीजीच्या डायलवरचा आकडा वीस-तीस अंशांनी चुकीचा असू शकतो. ओव्हनमध्ये टांगायचा स्वस्त थर्मामीटर एकदा घेऊन ठेवला की ही शंका मिटते.

टाळूला काहीतरी चिकटतं: चीक. पुढच्या वेळी पाणी जास्त वेळा बदला आणि फेस मनापासून काढा. आता खाल्लेल्याला चमचाभर तूप द्या.

कड आकसून खाली बसली: पीठ मळलं गेलं, ताणलं गेलं किंवा विश्रांती मिळाली नाही. तिन्हीपैकी कुठलं ते करणाऱ्याला माहीत असतं.

इतर रानमेवा

जांभूळ मेअखेरीपासून पावसात. बदलापूरची किंवा बहाडोलीची गरदार जांभळं घ्या. चीक नाही, पण तुरटपणा आहे. मीठ पाव छोटा चमचा करा, साखर १५० ग्रॅमवर आणा, कॉर्नफ्लोअर ३५ ग्रॅमपर्यंत वाढवा आणि एका लिंबाचा रस पिळा. बी हाताने चोळून काढावी लागते. हात दोन दिवस जांभळे राहतात.

सोसायटीच्या आवारात तुतीचं झाड असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वात सोपा पाय तिचाच. बी काढायची नाही, आधी फार शिजवायचं नाही. फक्त लिंबाचा रस दीड मोठा चमचा, कारण तुतीत आंबटपणा नाही, आणि कॉर्नफ्लोअर ३५ ग्रॅम. तोरणं आणि अळू (भाजीचं नव्हे, त्याच नावाचं रानफळ) मात्र पायच्या वाटेला नेऊ नका. तोरणं पिठूळ असतात, भाजल्यावर चव उरत नाही. अळूची खरी जागा निखाऱ्यावर.

पावसाळ्यासाठी ठेवायची असतील तर करवंदं धुवून, देठ-बिया काढून, ताटात एकेरी पसरून फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या आणि मग ६५० ग्रॅमच्या पिशव्या भरून तारीख लिहा. एकदम पिशवीत भरली तर दगड होतो. वापरताना वितळवायची नाहीत, वितळली की रस वेगळा होतो आणि साल आणखी चिवट होते. तशीच गोठलेली कढईत टाका आणि शिजवायला पाच मिनिटं जास्त द्या.